बिननावाचे चाळीस जीबी

हा भाग काढून टाकायचा? हो / नाही.

"बाबा, नव्या सिस्टीमला जागा करायची आहे. डिस्कवरचा हा बिननावाचा चाळीस जीबीचा तुकडा कसला?" आदर्शने विचारलं.

"त्याला हात लावू नको," भिवाजी म्हणाले. "बाकीचं काय ते लहान-मोठं कर." आणि चप्पल घालून काचीगुड्याच्या बाजारात निघून गेले.

आदर्शच्या मनात पाल चुकचुकली. आई तर परवापासून पिशवी भरूनच बसली होती.

"माझा डोळा लागला की कॉम्प्युटर लावतेत, मी उठले की बंद," चतुराबाई म्हणाली. "कुण्या बाईचा फोटू निघाला तर मी चालले नांदेडला, अक्काकडं. उघड ते!"

त्याने उघडलं. आत एकच गेम होता, मोटारींच्या शर्यतीचा. अकरा वर्षांपूर्वी, इंटरच्या म्हणजे बारावीच्या परीक्षेआधी, बाबांनी "कायमचा उडवला" म्हणून सांगितलेला. तेव्हा आदर्श दोन दिवस जेवला नव्हता.

"हौला झाला का हा माणूस? येडाच म्हणायचा!" आई पुटपुटली.



खेळाडूंच्या यादीत 'आदर्श' हे नाव अकरा वर्षांत सतराव्या नंबरावरून पहिल्यावर आलं होतं, आणि शेवटची शर्यत कालची होती.