कवळीवाल्यांची कबुली

"अगदी तोंडावर सांगा. घाबरायचं नाही," कवळीवाले म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसले.

महिन्याचा शेवटचा शनिवार होता. उद्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. त्याआधी घरच्यांना समोर बसवून स्वतःचे दोष विचारायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. खोटे दात बनवायचं त्यांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. फळीवर प्लॅस्टरच्या जबड्यांची रांग, आणि खाली तीन खुर्च्यांवर घरची माणसं: बायको, मुलगा आणि विधवा धाकटी बहीण. मंडळीत ते 'वडील' होते, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या खालोखालचा मान. इतका नम्र माणूस शोधून सापडणार नाही, असं सगळे म्हणत. म्हणायला काय जातंय लोकांचं!

"बाबा, कामापुढे तुम्हाला जेवणाची शुद्ध राहत नाही," मुलगा म्हणाला.

"दादा, तू दुसऱ्यांसाठी फार जीव टाकतोस," बहीण म्हणाली.

कवळीवाल्यांनी मान खाली घातली. दोष असे, की कुणीही हौसेने आपल्या नावावर लावून घ्यावेत. ते आदल्या दिवशी स्वयंपाकघरात ठरत. कुणी काय बोलायचं, मागच्या महिन्यातलं परत येत नाही ना, सगळं नीट बघून. फार पूर्वी मुलाने एकदा खरोखरच तोंडावर सांगितलं होतं. कवळीवाल्यांनी त्याचे आभार मानले आणि पुढे दोन महिने त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून घर शहाणं झालं.

बायकोच्या वाट्याला आज 'औषधं वेळेवर घेत नाही' हा दोष आला होता. तो तिने सांगितलाच नाही.

"सात वर्षांपूर्वी आपली पोर नवऱ्याचा मार खाऊन या दारात आली होती," ती म्हणाली. "नवरा टाकून आलेली मुलगी घरात ठेवली तर मंडळीत काय तोंड दाखवू, म्हणालात. बॅगेसकट तिला परत पाठवलंत. पोरीपेक्षा मान मोठा झाला तुम्हाला. हा तुमचा दोष."

बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा जमिनीकडे बघू लागला. पण बायकोला आता कसली भीती? दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांना बसवून सांगितलं होतं, तिचं दुखणं आता हाताबाहेर गेलंय, ज्यांना भेटायचंय त्यांना लवकर बोलवून घ्या. तिला एकाच माणसाला भेटायचं होतं. तिने गुपचूप फोन केला तेव्हा मुलगी खूप रडली. मग म्हणाली, "आई, बाबांनी एकदा स्वतः 'ये' म्हणू दे. मी लगेच निघते. पण न बोलावता त्या दारात पुन्हा उभी राहणार नाही." एका शब्दाचं काम होतं.

कवळीवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खुर्चीवरून खाली उतरून गुडघे टेकून बसले.

"खरं आहे," ते हुंदके देत म्हणाले. "मानासाठी मी पोटची पोर घालवली. प्रभू, मला क्षमा कर."

तासभर ते रडले. खरे अश्रू होते हो, त्यात नाटक काडीचं नव्हतं. बायकोनेही त्यांच्या पाठीवर हात ठेवून रडून घेतलं. कितीतरी वर्षांनी नवरा तिला आपला वाटला.

रविवारी कवळीवाले मंडळीसमोर उभे राहिले आणि काहीही हातचं न राखता सगळं बोलले. लोकांनी डोळे पुसले. पाळकांनी त्यांना मिठी मारली. वडील असावा तर असा, म्हणाले. मग कवळीवाल्यांनी भाकर घेतली, प्याला घेतला. घरी येताना ते चक्क गुणगुणत होते. बायकोला त्यांच्या बरोबरीने चालवत नव्हतं, तरी ती हसत होती. घरात शिरल्या शिरल्या तिने मुलीच्या खोलीची खिडकी उघडली, गादी झटकली, उशांना नवे अभ्रे घातले.

"वहिनी, दमशील गं," नणंद म्हणाली.

"दमू दे. आज दमू दे मला."

दुपारी तिने नंबर लावला. पलीकडून "हॅलो, आई?" ऐकू आलं. "थांब हं, बाबा बोलतायत," असं म्हणून तिने फोन नवऱ्यापुढे धरला.

कवळीवाल्यांनी फोन घेतला नाही. ते नवलाने बघत राहिले.

"आता काय बोलायचं?"

"ये म्हणा तिला. एवढंच."

"अगं, ते कालच संपलं." त्यांचा आवाज मायेने भरला होता. "मी दोष पदरात घेतला, प्रभूने क्षमा केली. केवढं हलकं वाटतंय मला! आता तेच पुन्हा उकरत बसायचं म्हणजे त्या क्षमेवर अविश्वास दाखवायचा. ते पाप मला नको."

"अहो, माझे दिवस भरत आलेत. एक शब्द बोला."

"देव आहे ना," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

फोनमध्ये इतका वेळ श्वास ऐकू येत होता. तो थांबला. पलीकडून फोन ठेवला गेला.

कवळीवाले कळवळले.

"बघितलंस? सात वर्षं झाली, तरी पोर मनात अढी धरून बसलीय. ये, गुडघे टेक. तिला पश्चात्ताप व्हावा म्हणून आपण प्रार्थना करू."