पहिल्या घाण्याची चव

कागदावर कचोरी ठेवली की तेलाचा डाग आधी गोल असतो. मग तो छापील ओळी ओलांडत पसरत जातो. कागदाच्या कडेला पोचायला त्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत शिखरचंदची कचोरी संपलेली असे. प्रेमाबाई कढईमागून हे रोज पाहत होती. एका वेळी बारा कचोऱ्यांचा घाणा निघे आणि प्रत्येक घाण्याची पहिली कचोरी तो खाई. आज सकाळपासूनचा हा चौथा घाणा होता.

"चाखल्याबिगर गिऱ्हाइकाले कसं देऊ?" शिखरचंद म्हणाला. "आमच्या बापानंबी हर घाण्याची पयली सोता खाल्ली."

"अन् मामाजी त्रेपन्नाव्या वर्षी गेले," प्रेमाबाईनं सासऱ्यांची आठवण दिली.

शिखरचंद एक्कावन्न वर्षांचा होता. "तू मास्तरीण व्हायले पाह्यजे होती," तो म्हणाला आणि त्यानं बोटं पुसली.

प्रेमाबाईनं झारा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. आषाढात त्याच्या छातीत कळ आली तेव्हापासून तिचे हात असेच चाळवलेले असत. अकोल्याच्या डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी उलगडून पाहिली होती आणि मोजकंच सांगितलं होतं. तळलेलं बंद. भाजी, मूग, ज्वारीची भाकर. जैन घरात चातुर्मासात पालेभाजी चालत नव्हती, म्हणून ती बाजारातून दोडकी, दुधी, कारली आणू लागली. पण जन्मात तिथी न पाहिलेला शिखरचंद अचानक धर्माला लागला. अष्टमीला हिरवं नको. चौदसला हिरवं नको. मधल्या दिवसांतही तो पंचांगातून काहीतरी शोधून काढी. कचोरीत मात्र हिरवं काही नसतं. ती रोज चाले.

आज रविवार होता. चार घाणे उरकून दोघं दुकान बंद करून स्टँडवर आली. शिरपूरच्या गाडीला अवकाश होता. भाजीवाली केशरबाई टोपली घेऊन नेहमीच्या जागी बसली होती.

"बाई, मांगल्या बाजारची दोडकी कशी निंगाली?"

"गाईनं खाल्ली."

"अन् त्याच्या आंधीची दुधी?"

"तेबी गाईनंच."

केशरबाईनं शिखरचंदला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग गाय शंभर वर्सं जगन, बाई. शेटजीचं काई मले सांगता येत नाई."

शिखरचंद सगळ्यांत मोठ्यानं हसला. प्रेमाबाई हसली नाही. गाडीच्या दुसऱ्या पायरीवर तो दांडा धरून थांबला, तेव्हा तिनं त्याचे श्वास मोजले. पुढची पायरी चढायला त्याला सोळा श्वास लागले.

"आज घेतो नियम," जागेवर टेकल्यावर तो म्हणाला. "तुयी शपत."

हे तो मागच्या तीन रविवारीही म्हणाला होता. शिरपूरला महाराजांचा चातुर्मासाचा मुक्काम होता. प्रवचन संपलं की ज्याला इच्छा होईल तो उठे, हात जोडे आणि आपण काय सोडतो ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगे. कोणी बटाटा सोडी, कोणी रात्रीचं जेवण, कोणी सिनेमा. एकदा तोंडातून निघालं की नियम जन्मभराचा. तो मोडायला लावणंही पाप, म्हणून घरातलं माणूस मग तसा आग्रहही करत नसे. पहिल्या रविवारी प्रेमाबाईनं विचारलं होतं, "यांच्यासाठी मी घेऊ का?" महाराज म्हणाले होते, "नियम ज्याचा त्यानंच घ्यायचा असतो, बाई."

आज प्रवचनातलं एकही वाक्य तिच्या कानात शिरलं नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. दोन महिने तिच्या मनात स्वतःचंही एक वाक्य होतं. ते कित्येकदा ओठांपर्यंत आलं होतं. मग तिला दुकान आठवे. वाशीमच्या गाडीतून फक्त कचोरीसाठी उतरणारी माणसं आठवत. अठ्ठावीस वर्षं तिच्या हाताला नाव होतं, दुसरं काहीच तिच्या नावावर नव्हतं. आज तो उठेल, ती स्वतःला सांगत होती, मग मला बोलावंच लागणार नाही.

प्रवचन संपलं. पुरुषांच्या बाजूला शिखरचंद खरंच उठला. त्यानं हात जोडले, घसा साफ केला, एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं.

"महाराज, मले जन्मभर..." तो थांबला. सगळे ऐकत होते. "कारल्याचा त्याग."

महाराजांनी हात उंचावला. शेजारच्या पंजाबरावानं पाठीवर थाप मारली. "मोठं सोडलं, शेटजी!" असं तो म्हणताच दोन-चार जण हसले. शिखरचंद कपाळाचा घाम पुसत खाली बसला. त्यानं लांबूनच तिला भुवया उंचावून खूण केली. घेतला ना नियम?

प्रेमाबाईनं पदर सोडला. ती उठून उभी राहिली. तिच्या बाजूची कुजबूज थांबली. ती मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आपण काय सोडता, बाई?" महाराजांनी विचारलं.

तिनं हात जोडले. शिखरचंदकडे पाहिलं नाही.

"तळणं सोडते, महाराज. आजपासून मरेपर्यंत मी काईच तळणार नाई."