चार हजार मीटरवरची मागणी

"अरे, इथली उंची चार हजार मीटर आहे, हवा विरळ असते. आजचा दिवस झोपून काढ, त्यावर उतारा म्हणून कोकाच्या पानांचा चहा पी आणि उद्या ये," असं जुस्तिनाने रुबेनला फोनवर बजावलं होतं. पण बोलिव्हियातल्याच सांता क्रूसच्या सखल, गरम मुलखातला तो गडी. "फुटबॉल खेळणारा माणूस मी, मला काय धाड भरलीय!" म्हणत तो एल आल्तोच्या विमानतळावरून थेट निघाला आणि मागणी घालायला आणलेलं बिअरचं खोकं खांद्यावर घेऊन तिच्या घराच्या पायऱ्या भराभर चढला.

दारात तिचे वडील, इलारिओन, उभे होते. खालच्या मुलखातला जावई नको म्हणून त्यांनी महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. पाठ केलेलं भाषण सुरू करायला रुबेनने तोंड उघडलं, पण श्वासच पुरेना. डोकं घणघणलं, डोळ्यांतून पाणी आलं आणि तो दोन्ही गुडघ्यांवर मटकन बसला.

जुस्तिना घाबरून धावली. इलारिओननी मात्र तिला हातानेच अडवलं.

"मुलगी मागताना गुडघे टेकायची आपली रीत इथली पोरंसुद्धा विसरली," ते बायकोला म्हणाले. "आणि हा परका पोरगा बघ, रडतोय गं! दिली रे बाळा, पोरगी दिली!"

जुस्तिनाने गरम चहाचा पेला रुबेनच्या ओठांना लावला आणि हळूच त्याच्या कानाशी वाकली.



"बरं वाटलं तरी इतक्यात उठू नकोस, बाबा लग्नाची तारीख काढतायत."