फुग्याची घडी

“दोरी हातात धरून ठेवू का खुंटीले बांधू?” शिडाची दोरी पुढे करत निर्मलाने खुशालला विचारलं.

नाव पवनीच्या घाटापासून सुटून वैनगंगेच्या मधोमध आली होती. पोळा आठ दिवसांवर होता, नदी भरलेली होती, आणि वारा प्रवाहाच्या उलट, थेट वरच्या डोहाकडे वाहत होता. घाटावर मासेमारांचा अख्खा ढिवरमोहल्ला जमला होता. नावेत तिघंच होते. मागे वल्ह्यावर धनीराम, पुढे बांबूच्या डोलकाठीशी खुशाल आणि त्याची बायको निर्मला. शीड नऊ लुगड्यांचं होतं. त्यातली आठ लुगडी मोहल्ल्यातल्या बायांनी दिली होती. मधोमध निर्मलाचं नायलॉनचं पातळ होतं, खुशालने मुंबईहून आणलेलं. तिच्याकडे तेवढं एकच चांगलं होतं.

हे सगळं खुशालच्या जिभेने ओढवून आणलेलं. सहा वर्षं तो मुंबईच्या एका बोटक्लबात नोकरीला होता. तिथले साहेबलोक हलक्या रंगीत कापडाचं एक मोठं शीड लावत. मागून वारा आला की ते टम्म भरे, म्हणून क्लबातले गडी त्याला फुगाच म्हणत. गावी परतल्यावर खुशालने घाटावर बसून सांगितलं, तो फुगा मीच चालवत होतो. एकदा सांगितलं, मग रोज सांगितलं. खरं म्हणाल तर हा गडी सहा वर्षांत एकदाही बोटीत चढला नव्हता. खारं झालेलं शीड सोड्याच्या पाण्यात धुवायचं, वाळवायचं, तिन्ही टोकं वर राहतील अशी घडी घालून पिशवीत भरायचं, एवढंच त्याचं काम. आल्या दिवशी निर्मलाने त्याची सोड्याने चिरलेली बोटं पाहिली, त्याने आणलेल्या पातळाची नेटकी घडी पाहिली, बोटांना तेल चोळलं, आणि काही विचारलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मच्छीमार सोसायटीची नवी नाव आली आणि सोसायटीचे मुख्य, म्हातारे गोमाजी, सगळ्यांसमोर म्हणाले की फुगा लावून वरच्या डोहापर्यंत नेऊन दाखव, मग ही नाव तुझ्याच हाती. निर्मलाने बायांकडून लुगडी गोळा केली, तीन दिवस बसून शिवली. आता मूठ उघडायची वेळ आली होती.

“बांध,” खुशाल म्हणाला.

जाळ्याची दोरी खुंटीला पक्की बांधायची, हातात धरणारा जाळं गमावतो, हे तो बापाकडून शिकला होता. शिडाचं त्याला दुसरं काय माहीत असणार? निर्मलाने खुंटीला दोन वेढे देऊन गाठ मारली, आणि मासे कापायचा सुरा टोपलीतून काढून मांडीजवळ ठेवला. धनीराम वाऱ्याच्या तोंडी होता. त्याला यातलं काही ऐकू गेलं नाही.

खुशालने शीड वर ओढलं. आधी त्याला मधेच पीळ पडला, मग फडफडून तो सुटला आणि नऊ रंगांचा फुगा नावेपुढे उभा राहिला. घाटावरून आरोळी उठली. नाव धारेवर चढू लागली. धनीरामने तर वल्हंच उचलून धरलं. दोन मिनिटं खुशालला स्वतःची थाप स्वतःलाच खरी वाटली.

काठावरच्या किल्ल्याच्या आडोशातून नाव बाहेर पडली आणि वारा आडवा आला. शिडाला हिसका बसला, नाव कलली, तिच्या कडेवरून पाणी आत आलं. क्लबाच्या धक्क्यावर बसून त्याने सहा वर्षं एक ओरडा ऐकला होता, “सोड, दोरी सोड!” तो कशासाठी असतो, हे त्याला आज कळलं. तो गाठीवर झेपावला. ओली गाठ लोखंडासारखी आवळली होती. तेवढ्यात निर्मलाचा सुरा फिरला. दोरी तुटली, बांबू मोडला, फुगा फाटून पाण्यात पडला आणि नाव सरळ झाली. जीव तेवढे वाचले.

धनीरामने वल्हवत नाव फाटक्या शिडासकट घाटाला आणली, आणि खुंटीवरची गाठ पाहून गोमाजींनी पहिलाच प्रश्न विचारला. “दोरी कोनं बांधली?”

“म्या बांधली,” निर्मला म्हणाली.

खोटं नव्हतं ते. ‘बांध’ म्हणणारा शेजारीच उभा होता. शिडासाठी लुगडं देणाऱ्या केशरबाईंनी आपलं फाटलं लुगडं पाहिलं आणि निर्मलाला नको नको ते ऐकवलं. नवऱ्याचं नाव पाण्यात घातलं म्हणाल्या. निर्मला खाली मान घालून ऐकत राहिली. गोमाजींनी खुशालच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाईच्या हाती दोरी द्याची नाई, बाबू. तुयी काय चूक? पोळा झाला का दुसरं शीड लावू.”

चार महिने घाटावर जीभ चालवणाऱ्या खुशालने मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची त्याला अशी लाज वाटली, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

माणसं पांगली. निर्मला काठावर एकटीच चिंब झालेलं शीड पिळत होती. खुशाल तिच्याजवळ जाऊन बसला. सगळं सांगून टाकायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण तिने हाताने थांबवलं. पिळलेलं शीड उचलून तिने त्याच्या मांडीवर ठेवलं. आवाजात राग नव्हता.

“घडी तुमीच घाला,” ती म्हणाली. “थे काम तं तुमाले चांगलं येते.”