तीन गाठींचा दोरा

इंग्रजांच्या काळात माझ्या पणजीचं लुगडं विटलं, की पुण्यातला रंगारी ते पुन्हा रंगवून द्यायचा. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तो प्रत्येक घरच्या कपड्याला खुणेचा दोरा बांधायचा. आमच्या दोऱ्याला तीन गाठी. कपडा पूर्ण वाळेपर्यंत तो दोरा सोडायचा नाही, नाहीतर रंग जातो, असं आई सांगायची.

ते लुगडं आता लंडनजवळ पिनरला माझ्याकडे आहे. पार मातकट झालेलं. मंगळवारी मी ते धुऊन गार्डनमध्ये दोरीवर वाळत घातलं. दुपारी काढायला गेले, तर ते डाळिंबासारखं लाल झालं होतं. टोकाला तीन गाठींचा दोरा होता.

कुणीच नव्हतं. तरी मी थँक यू म्हणाले.

आई त्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून घरी आली. चेहरा पांढराफटक. कन्सल्टंटने हातात थोडेच दिवस आहेत असं सांगितलं होतं. आज ऊन पडलं, म्हणून मी तिला त्याच दोरीखाली खुर्चीत बसवलं आणि चहा करायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा तिच्या गालांवर लाली होती.

"वीणा, किती बरं वाटतंय गं! भूकसुद्धा लागलीय."

माझे डोळे भरून आले. रिकाम्या गार्डनकडे बघून मी हात जोडले.

"पण मनगटाला हे काय बांधलंयस? काचतंय मेलं," असं म्हणत ती दोरा सोडू लागली. दोन गाठी सुटल्यासुद्धा.

मी झडप घालून तिचा हात धरला.

तो अजून ओला होता.