रुमालाखालची बोली

“हो म्हणाले!” मलिहा ओरडलीच. “अब्बा, पहिल्याच फटक्यात हो म्हणाले!”

चांदबीने हौसेने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू ओठांतच राहिलं. फकीर मोहम्मद पांढराफटक पडला होता. रुमालाखाली तिची बोटं अजून त्याच्याच हातात होती. पण तो हात गार पडत चालला होता.

रुमालाचं असं झालं. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझची दोन तिकिटं जुनेदने, त्यांच्या मुलाने, दुबईतून काढून दिली होती. जहाज सुटणार सकाळी, म्हणजे आदली रात्र मुंबईत काढणं आलं. मलिहाने, सुनेने, फोनवर एक बाजार हुडकून काढला. तिथे हॉटेलवाले रिकाम्या खोल्या मांडून बसतात. हॉटेलचं नाव झाकलेलं. आपण आपला भाव बोलायचा. हॉटेलवाल्याने हो म्हटलं की पैसे कापले जातात आणि मगच नाव उघडतं.

“म्हणजे बैलबाजारच की,” चांदबी मुद्दाम मोठ्याने म्हणाली होती. “याच्यातलं तुमच्याबिगर कोणाले काय समजते?”

नांदुऱ्याच्या बाजारात फकीर मोहम्मदने तीस वर्षं बैलांची दलाली केली. भाव तोंडाने कधी बोलला नाही. समोरच्याचा हात रुमालाखाली घ्यायचा, बोटं दाबायची. भोवती माणसांची ही गर्दी, आणि सौदा फक्त दोन हातांना ठाऊक. पण गेली दोन वर्षं बाजाराच्या दिवशी तो घरातच बसे. भाजीचासुद्धा भाव करत नसे. भाजीवाली सांगेल ते देऊन येई. शेवटी तीच खजील होऊन वर कोथिंबिरीची जुडी घाली. चांदबीला समुद्र पाहायचा होता, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त तिला हा माणूस पुन्हा हुज्जत घालताना पाहायचा होता.

आणि आज त्याने खरोखर खांद्यावरचा रुमाल काढला आणि तिच्या हातावर टाकला. एक बोट दाबलं. थांबला. मग दोन दाबली. सुनेसमोर चांदबीला लाजून कुठे पाहावं कळेना, पण बोटं तिला बरोबर कळली. “बाराशे टाक,” ती म्हणाली. खोली होती पाच हजारांची.

“फोन लाव त्याले,” फकीर मोहम्मद आता म्हणाला.

“कोणाले, अब्बा?”

“हॉटेलवाल्याले. सौदा मोडाचा हाय.”

“पैसे वापस नाही भेटत, अब्बा. तसं लिहूनच ठेवलं हाय त्याहीनं.”

“पैसे नाही मांगून राह्यलो मी! पहिल्याच बोटाले हाव म्हणते, तो माणूस... तू फोन लाव.”

ते वाक्य पुरं व्हायची चांदबीला गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी, बोंडअळीच्या साली, जळगाव जामोदकडच्या भाऊराव नावाच्या शेतकऱ्यानेही पहिल्याच बोटाला हो म्हटलं होतं. एवढी देखणी जोडी आणि इतक्या स्वस्तात! त्या दिवशी फकीर मोहम्मद घरी जिलेबी घेऊन आला होता. ती जिलेबी संपली नव्हती तोच भाऊराव गेल्याची खबर आली. कपाशीवर मारायचं औषध त्याने स्वतःच घेतलं होतं.

मलिहाने नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोन मध्ये ठेवला.

“नमस्कार, रिसेप्शनमधून बोलतोय. आपली काय मदत करू शकतो?” धुऊन इस्त्री केलेला आवाज.

“भाऊ, आत्ता तुमी बाराशाले खोली देली. इतकी सस्ती कशी देली?”

“सर, ते सिस्टिम ठरवते. आम्हाला माहीत नसतं.”

“मंग हो कोण म्हटलं?”

“कोणीच नाही, सर. ते आपोआप होतं.”

तीस वर्षांत रुमालाखाली फकीर मोहम्मदला नाना तऱ्हेचे हात लागले होते. घामाने भिजलेले, भेगाळलेले, थरथरणारे. एक तर चारच बोटांचा. पण पलीकडे हातच नाही, असं कधी झालं नव्हतं.

मलिहाने मोठा श्वास सोडला. “पाहा अब्बा, कोणीच नाही तिथं. उगाच घाबरले तुमी.” ती फोन बंद करायला वाकली, तोच त्याने फोनवर आपला मोकळा तळवा आडवा धरला.

“कोणी नाही कसं? तू तं हायेस ना, बाप्पा?”

“...सर?”

“तू बरा हायेस का म्हणतो. जेवला का? घरचे बरे हायेत?”

पलीकडे कुणीतरी काउंटरवरची घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. चांदबीला वाटलं, फोन कटला.

मग आवाज आला. इस्त्री पार मोडलेली, बोली थेट नांदुऱ्याकडची.

“काऊन इचारता, काका?”

रुमालाखाली चांदबीची पाचही बोटं एकदम आवळली गेली. फकीर मोहम्मद फोनवर इतका वाकला की त्याची दाढी काचेला लागली.

“कोण्या गावचा बे तू?”