नायकाचा पाव

बुरशी हुबेहूब जमली होती. बेकरीतून सकाळीच आणलेला मऊ पाव मावशीने कापला, ओव्हनमध्ये दगड होईस्तोवर वाळवला, आणि भाच्याने त्यावर खायच्या हिरव्या रंगाचे ठिपके मारले. ब्रश त्याचाच होता, दात घासायचा. "तुझाच घे, नाहीतरी टाकायलाच झालाय," असं मावशीच म्हणाली होती.

मावशीच्या वाचक मंडळाची ही पद्धत. पुस्तकातला नायक जे खातो ते चर्चेच्या दिवशी मांडायचं. मागच्या खेपेला नायक खलाशी होता, तर घराला आठवडाभर सुक्या मासळीचा वास मारत होता. या खेपेचा नायक शहरात वणवण फिरणारा पोरगा. ना घर, ना काम. कचऱ्याच्या डब्यातला पाव उचलून खातो.

भाचा स्वयंपाकघराच्या दाराआड उभा होता. नजर खोकीवाल्यांवर. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा मोठा कारखाना होता त्यांचा, म्हणून मागून सगळे त्यांना खोकीवालेच म्हणत.

"चर्चा आटपली की तुला पुढे करते," मावशीने सांगून ठेवलं होतं. "पॅकिंगला माणसं लागतातच त्यांना. पण आज जमव रे बाबा. या महिन्यापुढे तुझे काका माझं ऐकायचे नाहीत."

काका त्याच्याशी बोलतच नसत. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली त्याची गादी असायची. ती काका रोज सकाळी पायाने गुंडाळत. तो उठला की नाही, हेही बघत नसत.

पोटात सकाळचा चहा होता, तेवढाच. "पाहुणे जाऊ देत, मग बस निवांत जेवायला," मावशी म्हणाली होती.

बाहेर मतं सुरू झाली.

"भूक काय लिहिलीय हो," प्राध्यापकबाई म्हणाल्या. "मला दोन दिवस घास उतरला नाही." त्यांनी पावाचा कण चिमटीत धरला, जिभेच्या टोकाला टेकवला, डोळे मिटले. मग तो कण हळूच नॅपकिनात थुंकला.

"मला तर त्याचा वास यायला लागला होता," दातांची डॉक्टर म्हणाली. "म्हणजे चांगल्या अर्थाने."

"आणि ही बुरशी कुठून पैदा केलीस गं?" कुणीतरी मावशीला विचारलं.

"आहे आमच्याकडे एक कलाकार," मावशी म्हणाली. सगळे हसले.

खोकीवाल्यांनी घसा साफ केला. "सगळं कबूल. पण शेवटी काय करतो तो? नोकरी धरतो. गोदामात, माल भरायची." त्यांनी तोंड वाकडं केलं. "खरं सांगू? किळस आली मला. पुस्तक तिथेच मिटलं. इतका मोकळा जीव, आणि एक तारखेच्या पगारासाठी मान खाली घालतो?"

"विकला गेला," प्राध्यापकबाई म्हणाल्या.

"मरायला हवा होता," डॉक्टर हळहळली. "त्या पुलाखालीच. किती शोभलं असतं."

माना हलल्या. एवढं एकमत या मंडळात कधी झालं नव्हतं.

दाराआड भाच्याने कॉलर सारखी केली. शर्ट काकांचा होता, त्यांना न विचारता घातलेला.

"ये रे बाहेर," मावशीने हाक मारली. "हा माझा भाचा. बुरशी यानेच केली."

टाळ्या पडल्या. खोकीवाल्यांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "काय करतोस?"

"सध्या शोधतोय तो," मावशीच बोलली.

"काय शोधतोय?"

मावशीने खोकीवाल्यांकडे पाहिलं. मघाचं वाकडं तोंड अजून पुरतं सरळ झालेलं नव्हतं. जिभेवर आलेला शब्द तिने गिळला.

"स्वतःला," ती म्हणाली.

"वा." खोकीवाल्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "शोध. शोधत राहा. नोकरीबिकरीच्या नादी लागू नकोस. माझंच बघ, वडिलांचा कारखाना गळ्यात पडला, संपलो मी."

सगळे भाच्याकडे मायेने बघत राहिले. पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे बघावं तसे.

तो खाली बसला. पावाचं ताट मांडीवर ओढलं आणि खायला लागला.

कडाकडा आवाज व्हायला लागला. टोकं टाळूला टोचली तेव्हा त्याने तुकडा खोकीवाल्यांच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला. हिरवं पाणी हनुवटीवरून गळ्यात, तिथून काकांच्या शर्टावर उतरलं. एक तुकडा गालिच्यावर पडला, तो त्याने उचलून तोंडात टाकला. गालिच्यावरचा केसही त्याच्याबरोबर गेला. प्राध्यापकबाईंनी पाय वर घेतले.

"अरे, तो नुसता मांडायला होता," मावशी दबक्या आवाजात म्हणाली. "ऊठ. ऊठ बघू आधी."

"साहेब," तो भरल्या तोंडाने म्हणाला, "पॅकिंगला माणूस लागतो का?"

ओले हिरवे कण खोकीवाल्यांच्या पांढऱ्या बाहीवर उडाले. त्यांनी ते दोन बोटांनी झटकायला घेतले. ते फासले गेले. खोकीवाले बाहीकडेच बघत राहिले.

भाच्याने ताटातला चुरा बोटाने गोळा केला, बोट चाटलं आणि पुन्हा चुऱ्यात घातलं.

प्राध्यापकबाईंनी नॅपकिन नाकाला लावला.

"पुस्तकात," त्या म्हणाल्या, "तो असा खात नाही."